खोली आधी बघू द्या, पैसे मग घ्या

अशोक विजयादशमीचा सोहळा आटोपला, हवेत थोडा गारवा आला की वस्त्यावस्त्यांतून सहलींची बोलणी सुरू होतात. कुठे महिला मंडळ बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरची बस ठरवते, कुठे दोन-तीन कुटुंबे मिळून वेरूळ-अजिंठ्याचा बेत करतात. शिवाय सहल नसली तरी प्रवास काही चुकत नाही. मुलीची परीक्षा पुण्याला असते, मुलाची मुलाखत मुंबईला असते, सासऱ्यांची तपासणी मोठ्या इस्पितळात असते. पूर्वी माणसे हक्काने पाहुण्यांकडे उतरत. आता पाहुण्यांच्याही दहा बाय बारामध्ये सहा माणसे झोपतात, मग आपणच संकोचतो आणि लॉजची खोली घेतो.

तिकिटे निघतात, दशम्या होतात, आणि घरातल्या बाईच्या मनात एक काळजी घर करून बसते. खोली कशी असेल? चादर धुतलेली असेल की नुसती उलटून घातलेली? ढेकूण असतील का? संडास कसा असेल? तिने ही काळजी बोलून दाखवली की घरातले पुरुष हसतात. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, चालवून घेऊ," म्हणतात. आणि म्हातारी माणसे तर विषयच मिटवतात. "आम्ही फलाटावर रात्री काढल्या, तुम्हाला पलंग मिळतोय."

त्यांचे खोटे नाही. ज्यांनी फलाटावर, शाळेच्या व्हरांड्यात, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मंडपात अंग टाकले, त्यांना चार भिंती आणि एक कडी मिळाली तरी पुष्कळ वाटते. पण "चालवून घेऊ" हा जो शब्द आपल्या तोंडी इतका सहज येतो, तो कुठून आला याचा आम्ही विचार करतो तेव्हा आम्हाला बडोद्याची ती खाणावळवजा धर्मशाळा आठवते.

ही हकीकत आपल्या घरोघरी ठाऊक आहे, पण तिच्यातल्या एका बारकाव्याकडे लक्ष जात नाही. 1917 साली अमेरिकेत आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होते. ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, तेही वहीत पारशी नाव लिहून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी त्या जागेचे वर्णन केले आहे. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, तिला लागून नळाची मोरी. बाकी सगळा मोठा दिवाणखाना फळ्या, बाकडी, मोडक्या खुर्च्या अशा अडगळीने भरलेला. विजेचा दिवा नाही. रात्री एक लहान कंदील, आणि त्या अंधारात फडफडणारी वटवाघळे. अशा जागेचे ते रोजचे भाडे मोजत होते. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले आणि त्यांनी जाब विचारला: धर्मशाळा बाटवलीस!

बारकावा इथे आहे. अडगळ साठवली होती धर्मशाळेने, वटवाघळांना थारा दिला होता धर्मशाळेने, आणि घाण केल्याचा आरोप आला तो त्या मजल्यावर पुस्तके वाचत बसलेल्या, स्वच्छ कपड्यांतल्या एका विद्वानावर. खोलीबद्दल तक्रार करण्याची सोयच त्यांना नव्हती. खोटे नाव सांगून मिळालेल्या निवाऱ्यात माणूस धुळीबद्दल कुठल्या तोंडाने बोलणार? आपल्या आजोबा-पणजोबांचे "चालवून घेऊ" त्याच जातीचे आहे. जागा मिळाली हेच नशीब, वर आणखी झाडू कसला मागता!

पुढे याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो मसुदा तयार झाला, त्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांच्याबरोबर 'हॉटेल' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे कुणालाही जात, धर्म, लिंग वा जन्मस्थान यावरून अडवता येत नाही. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने (1976 पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले) आणखी खोलात जाऊन हॉटेल, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखान्यातल्या भांड्यांचा आणि इतर वस्तूंचा वापरही हक्कात आणला. गादी आणि चादर ही त्याच वस्तूंपैकी नव्हे काय? म्हणून आमचे सांगणे असे की आपण खोली घेतो ती कुणाच्या मेहेरबानीने घेत नाही. भाडे देतो, आणि भाडे स्वच्छ खोलीचे देतो.

तेव्हा पहिली गोष्ट. काउंटरवर पैसे टेकवण्याआधी खोली बघायला मागावी. मॅनेजर चावी घेऊन बरोबर येतो किंवा पोऱ्याला पाठवतो, यात कुणाचा अपमान होत नाही. मोठ्या गाड्यांतून येणारी माणसे हे रोज करतात. आपणच लाजतो. घरातल्या बाईने जावे, कारण तिचे नाक चुकत नाही. दार उघडल्याबरोबर कोंदट, ओलसर वास आला तर भिंतीला ओल आहे असे समजावे. उदबत्तीचा किंवा फवाऱ्याचा फार दरवळ असला तर तो काय झाकतो आहे याचा शोध घ्यावा.

मग पलंग. वरची चादर नुसती बघून उपयोग नाही, ती एका कोपऱ्यातून उचलावी आणि गादीची शिवण बघावी. मोबाइलचा दिवा लावून शिवणीच्या घडीत, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे, सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत पाहावे. शाईच्या पेनाने टिंबे दिल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ती ढेकणांची विष्ठा. फिकट, पारदर्शक टरफले दिसली तर ती त्यांनी टाकलेली कात. चादरीवर तांबूस पुसट डाग असतील तर रात्री कुणीतरी कूस बदलताना ढेकूण चिरडला आहे. जिवंत ढेकूण दिसलाच पाहिजे असे नाही. तो दिवसा लपतो.

ढेकणाविषयी थोडे जास्त लिहितो, कारण चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे आणि तरी त्याच्याबद्दल गैरसमज फार आहेत. वाढ झालेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, चार-पाच मिलिमीटरचा. आपल्या अंगाच्या उबेने आणि श्वासाच्या वासाने तो रात्री बाहेर येतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि परत फटीत जातो. उपाशी राहून तो काही महिने जगू शकतो, म्हणून बंद ठेवलेल्या खोलीत ढेकूण नसतात हे म्हणणे खोटे. चावल्याने खाज येते, गांधी उठतात, झोप उडते. पण त्याच्या चावण्याने कुठला रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो असे आढळलेले नाही.

आणि सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ढेकूण गरिबाच्या घरी होतात हा. ढेकणाला घाण लागत नाही, त्याला माणूस लागतो. 2023 साली पॅरिससारख्या शहरात हॉटेले, चित्रपटगृहे, आगगाड्या यांत ढेकणांचा असा बोभाटा झाला की सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य संस्थेने त्याच वर्षी सांगितले होते की 2017 ते 2022 या काळात तिथल्या दर शंभरातल्या 11 हून अधिक घरांत ढेकूण झाले होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. सहलीहून आल्यावर घरात ढेकूण झाले तर आपल्या बाया ते लाजेने लपवतात, शेजारणीला कळू देत नाहीत, आणि तोवर ते शेजारच्या खोलीत पोचलेले असतात. यात लाजण्याचे काही नाही. उलट लवकर बोलले तर दोन्ही घरे एकदम साफ करता येतात.

लाजेपोटी माणूस गुपचूप काहीतरी औषध आणतो, ते आणखी वाईट. धान्याच्या गोदामात किडे मारण्यासाठी ज्या गोळ्या वापरतात, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या काही जण गादीखाली ठेवतात आणि दार लावून बाहेर जातात. हवेतल्या दमटपणाने त्या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. तो फटीतून शेजारच्या खोलीत जातो, तिथे मुले झोपलेली असतात. असे मृत्यू आपल्या देशात झालेले आहेत, आणि परदेशात हॉटेलांतही फवारणीने प्रवासी दगावलेले आहेत. ती गोळी घरात कधीही आणू नये. लॉजच्या खोलीत लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा उग्र वास आला, डोके जड झाले, मळमळले, तर सामान तिथेच राहू द्यावे, आधी मुलांना घेऊन बाहेर यावे.

ढेकणाचे खरे औषध उष्णता आहे. आपल्या आज्या खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतत, ते शास्त्राला धरूनच होते. पन्नास अंशांच्या वर उष्णता गेली की ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. नुसत्या फवाऱ्याने पूर्वी मरत, आता पुष्कळशा औषधांना ते सरावले आहेत.

असो. पलंग ठीक असेल तर पिशव्या तरीही पलंगावर टाकू नयेत. टेबलावर किंवा खुर्चीवर ठेवाव्यात, रात्री चेन लावून. चादरीबद्दल आमचा अनुभव असा की पांढरी चादर बरी. ती मळली की दिसते, आणि उकळून, ब्लीचिंग घालून धुता येते. फुलाफुलांची गडद चादर कितीही दिवस 'स्वच्छ' राहू शकते! ब्लँकेटचे मात्र कुणीच खरे धरू नये, ते चादरीसारखे रोज धुतले जात नाही. रेल्वेमंत्र्यांनी 2024 साली लोकसभेत सांगितले की वातानुकूलित डब्यातली ब्लँकेटे महिन्यातून निदान एकदा धुतली जातात, आणि अंगाशी घ्यायला म्हणून वेगळी जादा चादर दिली जाते. रेल्वेची ही तऱ्हा, मग नाक्यावरच्या लॉजची काय असेल! डिसेंबर-जानेवारीत बुद्धगयेला थंडी आणि धुके असते, ब्लँकेटाशिवाय भागत नाही. अशा वेळी घरची एक धुतलेली साडी किंवा पातळ चादर आत घ्यावी, वरून ब्लँकेट. जुन्या लुगड्याची गोधडी असेल तर तिच्यासारखे दुसरे काही नाही.

हे केवळ किळस येते म्हणून नाही. खरजेचा सूक्ष्म किडा माणसाच्या अंगावरून उतरला तरी अंथरुणात दोन-तीन दिवस जगतो. गजकर्ण दुसऱ्याचा टॉवेल वापरून लागते. म्हणून टॉवेल, चादर आणि उशीचा अभ्रा एवढ्या तीन वस्तू घरून न्याव्यात. दीड-दोन किलोंचे ओझे होते खरे, पण मुलांची खाज महिनाभर पुरते.

आता संडास-बाथरूम. इथे काळजी चुकीच्या जागी केली जाते. कमोडवर कोण बसले असेल या विचाराने बाया अर्धमेल्या होतात. एड्स, गुप्तरोग असे रोग कमोडच्या बैठकीवरून, बादलीवरून किंवा चादरीवरून लागत नाहीत. कावीळ, विषमज्वर, हगवण हे लागतात ते हातावरून आणि पाण्यातून. म्हणजे बैठकीपेक्षा फ्लशचे बटण, नळाची तोटी आणि दाराची कडी यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे महत्त्वाचे. साबणाची वडी आपली न्यावी. बादली आणि मग एकदा साबणाने घासून घ्यावेत, जाळीवर पालथा मग ठेवला की झुरळे वर येत नाहीत. मोरीतून घाण वास येत असेल तर तांब्या-दोन तांबे पाणी ओतावे. बऱ्याच वेळा जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी आटलेले असते, म्हणून गटाराची हवा वर येते.

टेबलावरचे काचेचे पेले चकचकीत दिसतात, पण ते कशाने पुसले हे आपल्याला दिसत नाही. पाण्याला घरचा तांब्या किंवा बाटली बरी. पाण्याबद्दल शंका असेल तर उकळून घ्यावे किंवा सीलबंद बाटली आणावी. बाहेरगावी लहान मुलांना जुलाब होतात ते 'पाणी बाधले' म्हणून सोडून देतो, पण ते पाणी घाण असते म्हणून होतात.

एक गोष्ट मात्र महागड्या हॉटेलांनाही चुकलेली नाही. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या एका नामांकित हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. परतलेल्यांपैकी बरेच जण न्यूमोनियाने आजारी पडले आणि सुमारे 30 जण दगावले. पुढच्या वर्षी त्याचे कारण सापडले. पाण्यात वाढणारा एक जंतू वातानुकूलन यंत्रणेतून हवेत गेला होता. तो साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो. म्हणून बरेच दिवस बंद असलेली खोली मिळाली तर गीझरचा आणि शॉवरचा नळ दोन-तीन मिनिटे सोडून द्यावा, आपण दाराबाहेर थांबावे, आणि मग आंघोळ करावी. घरात म्हातारे माणूस किंवा दम्याचा रोगी असेल तर हे विसरू नये.

एवढे वाचून कुणाला वाटेल, मग लॉजवाल्यांची माणसे करतात काय? तर त्यांची बाजू सांगितल्याशिवाय हा विषय आम्हाला पुरा करता येत नाही. कारण ती माणसे आपलीच आहेत. आपल्या कितीतरी भगिनी मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत हाउसकीपिंगमध्ये कामाला आहेत, काही जणी आखाती देशांत आहेत. आमच्या ओळखीच्या एक ताई उपनगरातल्या एका लॉजमध्ये हेच काम करतात. त्या सांगतात, दुपारी बाराला गिऱ्हाईक खोली सोडते आणि साडेबाराला दुसरे दारात उभे असते. तेवढ्यात चादर काढायची, संडास घासायचा, फरशी पुसायची, कचरा उचलायचा. चादरी धुवायला बाहेर जातात, तिथे नगावर पैसे मोजावे लागतात. मग मालक म्हणतो, "एकच रात्र होते की, मळली कुठे? झटकून घाल." ताईंनी ऐकले नाही तर काम जाते.

2012 साली अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठाच्या एका पाहणीत हॉटेलांच्या खोल्यांतल्या वेगवेगळ्या जागांवरचे जंतू तपासले होते. खोल्या अवघ्या नऊ होत्या, तेव्हा त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण संडासाइतकेच घाण काय निघाले, तर टीव्हीचा रिमोट आणि उशाशी असलेल्या दिव्याचे बटण. आणि सफाईवालीच्या गाडीवरचा स्पंज आणि पोतेरे यांवरही जंतू भरपूर होते. म्हणजे एका खोलीतली घाण त्याच फडक्याने दुसऱ्या खोलीत जात होती. फडके बदलून देणे हे काम सफाईवालीचे नाही, ते मालकाचे. त्याच पाहणीत म्हटले होते की एका सफाई कामगाराला आठ तासांच्या पाळीत 14 ते 16 खोल्या कराव्या लागतात, म्हणजे एका खोलीला साधारण अर्धा तास. ही अमेरिकेतली गोष्ट. आपल्याकडच्या लहान लॉजात एकच पोरगा खोल्या झाडतो, चहा आणतो, सामान वाहतो आणि रात्री काउंटरखाली झोपतो.

म्हणून तक्रार करायची ती काउंटरवर, मालकाकडे किंवा मॅनेजरकडे. झाडू हातात असलेल्या माणसावर ओरडू नये. आम्ही असेही पाहिले आहे की आपल्यातलाच चार पैसे मिळवणारा गृहस्थ लॉजच्या पोराला "ए, इकडे ये" म्हणून हाक मारतो आणि संडास पुन्हा घासायला लावतो. त्याच्या आजोबांना कुणी अशीच हाक मारली असेल याची त्याला आठवण राहत नाही. "दादा, एवढी चादर बदलून द्याल का?" असे म्हटले तर चादर बदलून मिळते. नाही मिळाली तर काउंटरवर शांतपणे सांगावे, "ही खोली आम्हाला नको, दुसरी दाखवा." आवाज चढवायची गरज नसते. खोलीचा फोटो काढून ठेवावा, पावती मागून घ्यावी, बुकिंग आधी केले असेल तर तो निरोप जपून ठेवावा. पैसे परत देण्यास नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, पाच लाखांपर्यंतची किंमत मोजलेल्या सेवेच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आणि कुणी आडनाव ऐकून खोली शिल्लक नाही म्हणाला तर ते प्रकरण ग्राहक आयोगाचे नाही, पोलीस ठाण्याचे आहे. त्याची गाठ 1955 च्या कायद्याशी आहे.

आपल्या धम्मसहलींच्या निमित्ताने आणखी एक सांगावेसे वाटते. दुसऱ्याच्या जागेत कसे उतरावे आणि कसे निघावे याचे नियम भगवान बुद्धांनी भिक्खूंसाठी घालून दिले होते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ते आहेत आणि वाचताना नवल वाटते, इतके ते घरगुती आहेत. रिकाम्या विहारात पोचलेल्या भिक्खूने आधी दार वाजवावे, क्षणभर थांबावे, मग दार उघडून बाहेर उभे राहूनच आत पाहावे. घाण असेल तर स्वतः साफ करावी. अंथरूण बाहेर काढून उन्हात घालावे, झटकावे. पलंग बाहेर काढताना तो खाली वाकवून काढावा, दाराला घासू देऊ नये. जळमटे आधी वरची काढावीत, मग खालची साफसफाई. पिण्याचे पाणी नसेल तर भरून ठेवावे. थंडीत खिडक्या दिवसा उघडाव्यात आणि रात्री लावाव्यात, उन्हाळ्यात याच्या उलट. आणि जाताना सामान जागच्या जागी लावून, दारे-खिडक्या लावून, कुणाच्या तरी ताब्यात जागा देऊन निघावे. राजघराण्यातून आलेल्या भिक्खूलाही हाच नियम होता आणि न्हाव्याच्या घरून आलेल्यालाही. जळमट काढायला वेगळी जात नव्हती.

आपण भाडे देतो म्हणून सगळी खोली झाडून देण्याचे कारण नाही. पण निघताना दहा मिनिटे लवकर उठावे. जेवणाचा खरकटा कागद, केळीच्या साली एका पिशवीत बांधून ठेवाव्यात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळूनच टाकावा, फ्लशमध्ये टाकू नये. तो अडकला की हाताने काढायला कुणाला बोलावतात हे आपल्याला सांगायला नको. रात्री मुलाने अंथरूण ओले केले असेल तर चादर वरून सारखी करून निघून जाऊ नये, सफाईवाल्या ताईंना सांगावे आणि गादी उभी करून ठेवावी. नाहीतर पुढच्या माणसाला तीच मिळते. बसमधल्या मंडळींनी मिळून सफाईवाल्यांसाठी काही पैसे काढले तर ते मॅनेजरकडे न देता त्यांच्याच हातात द्यावेत.

घरी आल्यावर पिशव्या सरळ पलंगाखाली सारू नयेत. बाहेरच, गॅलरीत किंवा दारात उघडाव्यात. सगळे कपडे, न वापरलेलेसुद्धा, कढत पाण्यात भिजवावेत. पिशवीच्या शिवणी आणि कप्पे उजेडात तपासून ती दिवसभर कडक उन्हात ठेवावी. आणि पुढचे पंधरा दिवस मुलांच्या अंगावर ओळीने उठलेल्या गांधी दिसतात का तेवढे बघत राहावे.